चहातील कॅफीन

चहाच्या झुडपाच्या (कॅमेलिया सायनेन्सिस) कोवळ्या पानांत व कळ्यांत तयार होणारे, चवीला कडू आणि तंत्रिका तंत्रास (मज्जासंस्थेस) उत्तेजक असे अल्कलॉइड. तयार चहाच्या शुष्क वजनात त्याचे प्रमाण सामान्यतः २ ते ४% असते. जून पानांच्या चहात ते याहून कमी, तर निव्वळ कळ्यांच्या चहात ५% च्या जवळपास आढळते. हिरवा चहा, काळा चहा, ऊलाँग ही नावे तोडलेल्या पानांवर होणाऱ्या प्रक्रियेवरून पडलेली आहेत. त्यांवरून कॅफिनाचे प्रमाण सांगता येत नाही. चहाच्या पुडीतील कॅफीन मुख्यतः झुडपाचा वाण व पानाचे वय यांवर आणि पेल्यातील कॅफीन चहा करण्याच्या रीतीवर अवलंबून असते. या दोन गोष्टी वेगळ्या न केल्यामुळे या विषयावर बरेच गैरसमज रूढ झाले आहेत.

एफ्. एफ्. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८१९ मध्ये कॉफीच्या बियांपासून कॅफीन वेगळे केले. १८२७ मध्ये ऊद्री यांना चहात तशाच प्रकारचे द्रव्य आढळले व त्यांनी त्यास ‘थेईन’ असे नाव दिले. थेईन व कॅफीन ही एकच होत, हे १८३८ मध्ये योब्स्ट व मूल्डर यांनी दाखवून दिले. तरीही चहातील थेईन हे कॉफीतील कॅफिनाहून सौम्य असते, असे म्हणणारे अद्याप भेटतात. त्यास रसायनशास्त्राचा आधार नाही. एमील फिशर यांनी १८९५ मध्ये कॅफिनाचे संश्लेषण केले. कॅफिनाच्या रेणूत कार्बनाचे ८, हायड्रोजनाचे १०, नायट्रोजनाचे ४ व ऑक्सिजनाचे २ अणू असतात. म्हणजे त्याच्या वजनाचा चतुर्थांशाहून अधिक भाग नायट्रोजनाचा असतो आणि मळ्यातील खताशी त्याचा असलेला संबंध यावरून समजतो. शुद्ध कॅफीन पांढरे, स्फटिकी असून त्याचा विद्राव वर्णहीन असतो. थंड पाण्यात ते बेताचेच विरघळते (२५° से. ला १०० मिलि. पाण्यात सु. २ ग्रॅ.), परंतु उकळत्या पाण्यात त्याची विद्राव्यता तिसाहून अधिक पटींनी वाढते.

झुडूप व पान : कॅफीन कोवळ्या पानातच तयार होते. झँथोसीन या द्रव्यापासून थिओब्रोमीन व थिओब्रोमिनापासून कॅफीन अशा क्रमाने ते बनते. शेवटच्या पायऱ्या ज्या एंझाइमामुळे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे) घडतात, त्याचे जनुक जपानी संशोधकांनी २००० मध्ये वेगळे केले. चहा व कॉफी या वनस्पतींत कॅफीन बनविण्याची क्षमता एकमेकींपासून स्वतंत्रपणे विकसित झाली, हे त्यांच्या जीनोमांच्या अभ्यासावरून २०१४ ते २०१७ या काळात स्पष्ट झाले. कोवळ्या, मऊ पानांस कीटकांपासून संरक्षण मिळावे, हे या कडू द्रव्याचे एक कार्य मानले जाते.

पान जसजसे जून होते तसतसे त्यातील कॅफिनाचे शेकडा प्रमाण उतरते. एकाच डहाळीवर कळी व पहिले पान यांत ते ४ ते ५%, दुसऱ्या पानात सु. ३.५%, तिसऱ्यात सु. ३% व त्यांखालच्या कोवळ्या देठात सु. २.५% असा उतरता क्रम दिसतो. वाणानुसार हे आकडे खालीवर होतात, परंतु क्रम बदलत नाही. म्हणून ‘दोन पाने व एक कळी’ अशी बारीक तोडणी करणाऱ्या मळ्याचा चहा हा खालची पाने व देठ घेणाऱ्या मळ्याच्या चहापेक्षा कॅफिनाने समृद्ध असतो. व्यवहारात उंची समजला जाणारा चहा बहुधा कोवळ्या तोडणीचा असल्यामुळे त्यात कॅफीन अधिक असते, कमी नव्हे. ‘पांढरा चहा’ या नावाने विकल्या जाणाऱ्या लवदार कळ्यांचा रंग फिकट व चव सौम्य असल्यामुळे तो कॅफिनाने हलका असावा असा समज होतो; प्रत्यक्षात कळी हाच झुडपाचा कॅफिनाने सर्वांत संपन्न भाग होय. उलट जपानमधील बांचा हा जून पानांचा चहा हिरवा असूनही कॅफिनाने कमी असतो. पानापेक्षा देठ अधिक असलेल्या चहाचीही तीच स्थिती असते.

चहाच्या झुडपाचे आसामी व चिनी असे दोन मुख्य प्रकार आहेत. मोठ्या पानांच्या आसामी प्रकारात कॅफीन सामान्यतः अधिक व लहान पानांच्या चिनी प्रकारात कमी असते. मात्र गेल्या शतकभरात या दोहोंचा इतका संकर झाला आहे की, मळ्यातील एखाद्या झुडपास निखळ आसामी किंवा निखळ चिनी म्हणणे कठीण होते. आसाममधील जोरहाटजवळच्या टोकलाई येथील चहा संशोधन केंद्राने (स्थापना १९११) १९४९ पासून निवडक कृंतक (एकाच झुडपापासून कलमांनी वाढविलेली समान गुणांची संतती) मळ्यांना पुरविले. अशा कृंतकांत शेजारशेजारच्या वाफ्यांतही कॅफिनाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळतो. त्यामुळे ‘आसामचा चहा’ किंवा ‘निलगिरीचा चहा’ एवढ्या वर्णनावरून फारसा बोध होत नाही.

नायट्रोजनयुक्त खत भरपूर दिल्यास पानांतील कॅफीन वाढते. सावलीचाही परिणाम असाच होतो. तोडणीपूर्वी काही आठवडे झुडपे झाकून तयार केलेल्या जपानी ग्योकुरो व माचा या चहांत कॅफीन अधिक व तुरट पॉलिफिनॉले कमी असतात. हंगामानुसारही प्रमाण बदलते, परंतु सर्व प्रदेशांस लागू पडेल असा एक नियम त्यात दिसत नाही.

कारखान्यातील प्रक्रिया : तोडलेले पान कोमेजविताना त्यातील कॅफीन किंचित वाढते. पुढील आंबविण्याच्या क्रियेत (या क्रियेत सूक्ष्मजंतूंचा भाग नसून पानातील पॉलिफिनॉलांचे ऑक्सिडीभवन होते) त्यात म्हणण्यासारखा बदल होत नाही. हिरवा चहा न आंबविलेला, ऊलाँग अर्धवट आंबविलेला व काळा चहा पूर्ण आंबविलेला असतो, एवढाच त्यांतील मूलभूत फरक असल्यामुळे एकाच झुडपाच्या एकाच दिवशीच्या तोडणीपासून हे तिन्ही केल्यास त्यांतील कॅफीन जवळजवळ सारखेच भरते. आंबविल्याने बदलतो तो रंग व तुरटपणा. थिआफ्लाविने व थिआरुबिजिने ही तांबूस-तपकिरी द्रव्ये याच वेळी तयार होतात आणि आपल्याकडे ज्यास ‘कडक’ चहा म्हणतात तो बव्हंशी त्यांच्यामुळेच. कॅफीन स्वतः वर्णहीन असल्याने पेल्याच्या रंगावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही.

कॅफीन सु. १७८° से. पासून संप्लवन पावते (घन स्थितीतून एकदम वायुरूप होते). चहा वाळविताना पानांचे तापमान सहसा तेथवर पोहोचत नसल्याने त्या वेळची घट अल्प असते. जपानी होजिचा हा चहा मात्र तीव्र आचेवर भाजतात व त्यात ही घट जाणवण्याइतकी होते; तो बहुधा जून पाने व देठ यांपासून करीत असल्याने मुळातही त्यात कॅफीन बेताचेच असते. कारखान्यांत उरणारा देठ, तंतू व झाडलोट यांचा कचरा निरुपयोगी नसतो, कारण औषधी कॅफिनाच्या निर्मितीसाठी तो कच्चा माल ठरतो. हा कचरा पुन्हा चहात मिसळला जाऊ नये म्हणून भारतात १९५९ च्या चहा-कचरा (नियंत्रण) आदेशान्वये त्याच्या विक्रीवर नियंत्रण घालण्यात आले.

चहाच्या इतिहासातील एक यांत्रिक सुधारणा या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. १९३० च्या सुमारास विल्यम मॅकर्चर यांनी आसाममधील आमगुरी मळ्यात पाने चिरडणारी, फाडणारी व वळणारी यंत्रे वापरात आणली. या पद्धतीस तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीटीसी’ म्हणतात. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहापानावरून जे गाजलेले ग्रामण्य झाले, त्या काळी भारतात होणारा चहा वळलेल्या पानांचा असे. आज भारतातील चहाच्या उत्पादनाचा फार मोठा भाग सीटीसी दाण्यांचा आहे. या दाण्यात कॅफीन अधिक असते असे नव्हे. मात्र दाणा बारीक व त्यातील पेशी फुटलेल्या असल्यामुळे पाणी आत शिरण्यास व कॅफीन बाहेर येण्यास फारच थोडा वेळ लागतो.

पेल्यात उतरणारे कॅफीन : हे भुकटीचे वजन, कणांचा आकार, पाण्याचे तापमान व वेळ यांवर ठरते. चहा नुसता उकळत्या पाण्यात मुरत ठेवून १९९६ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पाच मिनिटांच्या पहिल्या मुरण्यात एकूण उतरलेल्या कॅफिनाच्या सु. ७०%, त्याच पानांच्या दुसऱ्या खेपेस सु. २३% व तिसऱ्या खेपेस सु. ८% कॅफीन उतरते. पहिल्या अर्ध्या मिनिटात दशांशाच्या आसपासच कॅफीन निघते. त्यामुळे पाने गरम पाण्याने क्षणभर विसळून ते पाणी टाकून दिले की कॅफीन नाहीसे होते, ही पाश्चात्त्य देशांतून आलेली सूचना व्यर्थ ठरते. ६०° से. च्या पाण्यात मुरविलेल्या चहात त्याच वेळात बरेच कमी कॅफीन उतरते. हिरव्या चहाच्या पेल्यात काही वेळा कॅफीन कमी आढळते त्याचे एक कारण हेच. तेथे श्रेय पाण्याच्या तापमानाकडे व थोड्या पानांकडे जाते, हिरवेपणाकडे नव्हे.

महाराष्ट्रात चहा याप्रमाणे मुरत ठेवीत नाहीत, उकळतात. राज्यात चहाची व्यापारी लागवड नाही. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावी पोहोचणारी भुकटी आसाम, दुआर्स किंवा दक्षिणेकडील डोंगराळ मुलखातून मिश्रण होऊन येते आणि मिश्रण करणाराचे लक्ष रंग, चव व किंमत यांकडे असते. ग्राहकास वाणाची किंवा पानाच्या वयाची माहिती मिळत नाही. मिळाली तरी तिचा उपयोग थोडाच, कारण बारीक भुकटी पाण्यात काही मिनिटे खळखळून उकळली की तीतील कॅफिनाचा बहुतेक सर्व भाग पेल्यात येतो. म्हणजे येथे प्रमाण ठरविणारी गोष्ट जवळजवळ एकच उरते, ती म्हणजे भांड्यात टाकलेल्या भुकटीचे वजन.

हे वजन चमच्याने मोजण्यात मोठी फसगत होते. वळलेल्या पानांचा चहा फुगीर असतो व चमच्यात थोडा मावतो. सीटीसी दाणा त्याहून घट्ट बसतो आणि ‘डस्ट’ या नावाने मिळणारी बारीक भुकटी सर्वांत जड भरते. पानांचा चहा सोडून डस्ट आणल्यावरही चमचे पूर्वीइतकेच टाकले, तर पेल्यातील कॅफीन नकळत वाढते. २ ग्रॅ. सीटीसी भुकटीत ३% कॅफीन धरल्यास ते ६० मिग्रॅ. होते व त्यापैकी सु. नऊ-दशांश उतरले असे मानल्यास एका पेल्यात ५० ते ५५ मिग्रॅ. येते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत चहाच्या एका पेल्यासाठी (१५० मिलि.) ३० ते ६५ मिग्रॅ. असे प्रमाण दिले आहे, त्याच्याशी हा हिशेब जुळतो. कॉफीच्या तेवढ्याच पेल्यासाठी तेथे ८० ते १२० मिग्रॅ. हा आकडा आहे. वस्तुतः कॉफीच्या कित्येक बियांपेक्षा चहाच्या पानात कॅफीन शेकडा प्रमाणाने अधिक असते. परंतु कॉफीच्या पेल्यासाठी पूड कितीतरी जास्त लागते.

पेल्यांच्या आकाराचा घोळ टाळावयाचा असल्यास घरात महिन्याकाठी किती भुकटी संपते, हे पाहणे अधिक सोयीचे होय. पाच माणसांच्या कुटुंबात महिन्यास १ किग्रॅ. भुकटी लागत असेल, तर तीत सु. ३० ग्रॅ. कॅफीन असते. चोथ्याबरोबर गेलेला भाग वजा केल्यास माणशी दररोज सु. १८० मिग्रॅ. पडते, अर्धा किग्रॅ. लागत असल्यास त्याच्या निम्मे. अर्थात घरातील लहान मुले थोडा चहा घेत असतील, तर मोठ्यांच्या वाट्यास याहून अधिक येते, हे लक्षात घेतले पाहिजे.

दूध, साखर किंवा गूळ घातल्याने कॅफीन नष्ट होत नाही. दुधातील प्रथिने पॉलिफिनॉलांशी संयोग पावून तुरटपणा कमी करतात, त्यामुळे दुधाचा चहा सौम्य लागतो इतकेच. पुण्यातील ‘अमृततुल्य’ दुकानांतला दाट, गोड चहा आणि कष्टकऱ्यांच्या घरचा कोरा चहा यांत भुकटी सारखी असेल, तर कॅफीनही सारखेच असते. उरलेला चोथा पुन्हा उकळल्यास थोडा रंग येतो, परंतु कॅफीन पहिल्याच खेपेस निघून गेलेले असते. चहाच्या टपरीवर चोथ्यातच ताजी भुकटी टाकीत जातात, तेव्हाही पेल्यातील कॅफीन बहुतांशी त्या ताज्या भुकटीचेच असते. निथळलेला काळा चहा निवल्यावर गढूळ होतो, तो कॅफीन व थिआफ्लाविने इ. द्रव्ये एकत्र येऊन साका धरतात म्हणून. जितका हा गढूळपणा अधिक, तितका चहा कसदार असे जाणकार मानतात.

प्रमाण जाणण्याचे प्रयोजन : निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास सामान्यतः ३ ते ७ तास लागतात. संध्याकाळी उशिरा घेतलेल्या चहाने एकास झोप लागत नाही व दुसऱ्यास काहीच होत नाही, याचे एक कारण व्यक्तिव्यक्तींतील हा फरक होय. गरोदरपणात हा काळ वाढत जातो व शेवटच्या तिमाहीत तो कित्येक पट होतो. नवजात अर्भकाच्या यकृतात तर कॅफिनाचे विघटन करणारे एंझाइम पुरेसे तयार झालेले नसल्याने तेच कॅफीन काही दिवस टिकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार दररोज ३०० मिग्रॅ. पेक्षा अधिक कॅफीन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावे. कारण त्याचा संबंध गर्भपात व कमी वजनाचे मूल यांच्याशी असू शकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही सर्वसाधारण माणसासाठी ३०० मिग्रॅ. हीच दैनिक मर्यादा सांगितली आहे. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे सहा पेल्यांत ही मर्यादा गाठली जाते. शेतीच्या हंगामात किंवा पाहुण्यांची वर्दळ असलेल्या घरी हे सहज घडते.

चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण कमी होते, हा दोष पुष्कळदा कॅफिनाच्या माथी मारला जातो. तो वस्तुतः पॉलिफिनॉलांचा आहे. रक्तक्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा भेद नजरेआड करता येत नाही. कॅफीन काढून टाकलेला चहाही भाकरीबरोबर घेतल्यास लोहशोषणास अडथळा आणतोच. म्हणून जेवणापूर्वी व नंतर निदान एक तास चहा टाळावा, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची सूचना आहे. लहान मुलांस न्याहारीऐवजी चहा व पाव देण्याची पद्धत या दोन्ही कारणांनी अयोग्य होय. 

कॅफीनरहित चहा : कार्बन डाय-ऑक्साइड किंवा एथिल ॲसिटेट यांसारख्या विद्रावकांनी पानांतील कॅफीन काढतात, तरी थोडा अंश मागे राहतोच. निसर्गतःच कॅफीन जवळजवळ नसलेली कॅमेलिया टिलोफायला ही चहाची जवळची जाती दक्षिण चीनमध्ये आढळते. तिच्या पानांत कॅफिनाऐवजी थिओब्रोमीन साठते.

महाराष्ट्रात घराघरांत परसात लावतात तो गवती चहा (सिंबोपोगॉन सिट्रेटस) हा चहा नव्हे. ते तृणकुलातील सुगंधी गवत असून त्यात कॅफीन मुळीच नसते. भुकटीबरोबर घातल्यास त्याने सुवास येतो, कॅफीन घटत नाही. भुकटीऐवजी घातल्यास मात्र ते त्या मानाने कमी होते. आले, वेलची व तुळस यांनाही हेच लागू पडते. ज्या रोशा गवताच्या तेलासाठी खानदेश एके काळी प्रसिद्ध होता, ते (सिंबोपोगॉन मार्टिनी) गवती चहाच्याच प्रजातीतील होय.